मंत्रचळ



बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज लिहायला बसले आहे. निमित्त भाच्याच्या फोनचं. तो दुबईत असतो, इंजिनीअर आहे. मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला फोन वाजला, म्हणजे तिकडे पहाटेचे अडीच. "मावशी, झोपली होतीस का गं? मला वाटतं मला वेड लागतंय."

हा मुलगा बाविसाव्या मजल्यावर राहतो. एकदा बाल्कनीत कपडे वाळत घालताना मनात आलं, "आत्ता आपण उडी मारली तर?" झालं! तेव्हापासून तो विचार डोक्यात भुंग्यासारखा बसलाय. बाल्कनीच्या दाराला सोफा लावून ठेवलाय. रात्री छाती धडधडते, हात बधिर होतात, आता मरतोच असं वाटतं. दोनदा इमर्जन्सीत जाऊन आला, दोन्ही वेळा ईसीजी नॉर्मल.

मी त्याला सरळच विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का रे?"

"छे गं! त्याचीच तर भीती वाटते."

मग मी त्याला माझी एक गोष्ट सांगितली. ती आजवर नवरा सोडून कुणालाच पूर्ण माहीत नव्हती. आणि तिच्या मागचा चारपाचशे वर्षांचा इतिहासही सांगितला, कारण मला स्वतःला गोळ्यांइतकाच त्या इतिहासाचा उपयोग झाला होता. "हे सगळं लिहून काढ ना," तो म्हणाला. म्हणून हा प्रपंच. मी डॉक्टर नाही, व्यवसायाने अकाउंटंट आहे. तेव्हा हे एका रुग्णाने केलेलं वाचन समजा.

* * *

२००३ साली लंडनमध्ये माझी मुलगी झाली. बाळंतपणासाठी पुण्याहून आई आली होती. येताना डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि घडीची विळी असं सगळं घेऊन आली. मुलगी पाच आठवड्यांची होती. आई विळीवर मेथी चिरत बसलेली, माझ्या कडेवर बाळ, आणि माझ्या मनात एक असा विचार आला की आजही तो पूर्ण लिहवत नाही. विळी, बाळ आणि मी. बस्स, एवढंच समजून घ्या.

त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात जाईनाशी झाले. विळी माळ्यावर गेली, सुऱ्या ड्रॉवरमध्ये कुलुपात. बाळाला एकटीने आंघोळ घालायला नको वाटायचं. जिन्यावरून उतरताना पाय लटपटायचे. आईला वाटलं, दृष्ट लागली. ती म्हणाली, "रामरक्षा म्हणत जा गं, मनाला बळ येतं." आईचा सल्ला काही वाईट नव्हता. पण माझ्या मनाने त्याचं काय केलं ते ऐका. रामरक्षा म्हणताना तो विचार मध्येच आला, तर ती बाटली, पुन्हा पहिल्यापासून. उच्चार चुकला, पुन्हा पहिल्यापासून. मग अकरा वेळा. मग अकरा वेळा बिनचूक. एका रात्री अडीच तास मी बाथरूमच्या दारामागे उभी राहून पुटपुटत होते आणि बाहेर बाळ रडत होतं.

आपल्या भाषेत याला फार जुना शब्द आहे, मंत्रचळ. मंत्र जपताना काही चुकलं की माणसाचं डोकं फिरतं, अशी जुनी समजूत. गंमत बघा, आज मराठीत लिहिणारे मानसोपचारतज्ज्ञ ओसीडीसाठी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डरसाठी, हाच शब्द वापरतात. कारण-परिणाम उलटे होते एवढंच. मंत्राने चळ लागत नाही, आधी लागलेला चळ मंत्राला धरतो. हातात साबण असेल तर साबणाला, कुलूप असेल तर कुलपाला.

आमच्या आजीची एक बहीण होती. तिचं सोवळं फार कडक म्हणून नावाजलेलं. नळाची तोटी सात वेळा धुवायची, वाळत घातलेल्या धोतराला वाऱ्याने झाडाचं पान लागलं तरी परत धुवायची. थंडीत हातांना भेगा पडून रक्त यायचं. सगळे म्हणायचे, "मावशीआजींचं म्हणजे भारीच सोवळं हो!" त्या काळी तिला आजारी म्हणायला शब्द नव्हता आणि सोवळं म्हटलं की प्रश्नच मिटला. किती घरांत अशा मावशीआज्या होऊन गेल्या असतील कोण जाणे.

* * *

हे फक्त आपल्याकडेच, असं मात्र नाही. युरोपात या आजाराचा पहिला पत्ता लागतो तो चर्चमध्ये. तिथे त्याला स्क्रुपल्स म्हणत. मूळ लॅटिन शब्द स्क्रुपुलुस, अर्थ टोकदार बारीक खडा. चपलेत खडा गेला की कसं, दिसत नाही, पण पाऊल टाकू देत नाही!

जेझुइट पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ साली स्पेनमधल्या मानरेसा गावी राहत होता. त्याने आपल्या साऱ्या पापांची कबुली दिलेली होती. पण एखादं पाप सांगायचं राहिलं तर? म्हणून परत कबुली, परत शंका. पुढे जीव नकोसा झाला. त्याच्या गुरूने सांगितलं, "जुनी पापं आता सांगू नकोस, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग." पण त्याला तर सगळंच स्पष्ट वाटायचं! शेवटी त्याने ठरवलं, मागच्या पापांची कबुली आता पुन्हा द्यायचीच नाही. तिथून तो सुटला. पुढे स्वतःच्या ग्रंथात त्याने एक उदाहरण दिलं आहे. वाटेत दोन काड्या एकमेकींवर क्रॉससारख्या पडल्या आहेत, त्यांवर चुकून पाय पडला आणि मग वाटायला लागलं की आपण पाप केलं. आमच्या मावशीआजींना हा गृहस्थ लगेच कळला असता.

इंग्लंडमध्ये जॉन बन्यनने १६६६ साली आपलं आत्मकथन छापलं. धर्मप्रचारावरून तो तेव्हा बेडफर्डच्या तुरुंगात होता. तरुणपणी त्याला चर्चची घंटा वाजवायचा नाद. ते पाप वाटलं म्हणून सोडलं, पण बघायला जायचा. मग मनात आलं, घंटा डोक्यात पडली तर? म्हणून तुळईखाली उभा राहिला. घंटा भिंतीवर आपटून अंगावर आली तर? म्हणून दारात. आणि अख्खा मनोराच कोसळला तर? म्हणून पळाला! माझ्या कुलुपातल्या सुऱ्या आणि भाच्याचा सोफा, दोन्ही मला या दारात उभ्या असलेल्या बन्यनमध्ये दिसतात. टाळण्याला अंत नसतो.

पण माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे बिशप जॉन मूर. १६९२ मध्ये त्याने राणीसमोर धार्मिक विषण्णतेवर प्रवचन दिलं. त्यात तो सांगतो की काही भल्या माणसांच्या मनात नेमके प्रार्थनेच्या वेळी अभद्र, देवनिंदेचे विचार येतात. ही माणसं वाईट नसतात, उलट फार सदसद्विवेकी असतात. आणि त्याचा सल्ला काय? या विचारांशी जोराने झुंजू नका, झुंजल्याने ते वाढतात. सव्वातीनशे वर्षांपूर्वी! हे वाचून मी अक्षरशः रडले होते.

* * *

एकोणिसाव्या शतकात हा विषय पाद्र्यांकडून डॉक्टरांकडे आला. १८३८ साली फ्रेंच डॉक्टर एस्किरोलने आपल्या ग्रंथात 'मादमोझेल एफ' या चौतीस वर्षांच्या बाईची हकिगत दिली आहे. व्यापाऱ्याची मुलगी, हिशेब बघणारी. मावशीच्या घरून निघताना तिला वाटायचं, आपल्या खिशात चुकून तिथलं काही आलं तर नाही? हिशेब करताना वाटायचं, आकडा चुकून कुणाचं नुकसान झालं तर? एस्किरोलला विशेष वाटलं ते हे की बाईंना आपली भीती खुळचट आहे हे पक्कं कळत होतं, तरी थांबता येत नव्हतं. मंडळी, मी अकाउंटंट आहे हे वर सांगितलंच. महिनाअखेरीला चार वेळा बेरीज तपासणाऱ्या आपल्यातल्या सगळ्यांची ही पणजी.

बर्लिनच्या वेस्टफालने १८७७ मध्ये याची नेमकी व्याख्या केली. बुद्धी शाबूत असताना, इच्छेविरुद्ध मनात घुसणारे, आणि ते परके आहेत हे माणसाला कळतं असे विचार. त्याचा जर्मन शब्द होता 'त्स्वांग', म्हणजे सक्ती. हा शब्द ब्रिटनमध्ये ऑब्सेशन झाला आणि अमेरिकेत कम्पल्शन. तडजोड म्हणून दोन्ही शब्द जोडले गेले, असं सांगतात. म्हणजे ओसीडी हे नाव इंग्रज आणि अमेरिकन यांच्यातल्या भाषांतराच्या भांडणातून आलेलं!

पुढे फ्रॉइडने १९०९ मध्ये 'रॅट मॅन'ची प्रसिद्ध केस छापली आणि त्यानंतर कित्येक दशकं या विचारांचा अर्थ लावण्यात गेली. बालपण, दडपलेला राग वगैरे. अर्थ पुष्कळ निघाले, पण मंत्रचळ काही हटेना. अगदीच हाताबाहेर गेलेल्या रुग्णांवर मेंदूची शस्त्रक्रियासुद्धा करत. १९५०च्या दशकात 'थॉट स्टॉपिंग' निघालं. विचार आला की "स्टॉप!" ओरडायचं, मनगटाला रबरबँड बांधून तो ओढून सोडायचा. मीही हे करून पाहिलं होतं. मनगट लाल झालं, विचार जागच्या जागी.

* * *

आता माझ्या रोजच्या वाटेवरची गोष्ट. लंडनमध्ये मॉर्टिमर स्ट्रीटवर मिडलसेक्स हॉस्पिटल होतं. ते २००५ मध्ये बंद झालं, नंतर पाडलं, आता तिथे फ्लॅट आणि ऑफिसं आहेत. फक्त आतलं छोटं सुंदर चॅपल राखलंय. माझं ऑफिस तिथून पाच मिनिटांवर होतं आणि मी डबा घेऊन त्या भागात बसायचे. या हॉस्पिटलात काय घडलं होतं ते मला फार नंतर कळलं.

१९६६ साली तिथल्या व्हिक्टर मायर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. एका बाईला धुण्याचा मंत्रचळ होता, दुसरीला देवनिंदेच्या विचारांचा. मायरने काय केलं? धुणाऱ्या बाईला ज्या वस्तूंची किळस होती त्या हाताळायला लावल्या आणि खोलीतलं पाणीच बंद केलं. नर्स सोबतीला. भीती वाटू दे, पण हात धुवायचे नाहीत. जे आपत्तीचं चित्र मनात आहे ते प्रत्यक्षात येत नाही, हे शरीराला कळू द्यायचं. भीती चढली, टिकली, आणि मग उतरली. धुतल्याशिवाय! १९७४ पर्यंत त्याने आणि सहकाऱ्यांनी १५ रुग्णांची माहिती दिली. त्यांतले १० जण पुष्कळ सुधारलेले किंवा पूर्ण बरे. तोवर जवळपास असाध्य मानलेल्या आजारात हा चमत्कारच होता. लंडनच्याच मॉडस्ली हॉस्पिटलात रॅकमन, हॉजसन आणि मार्क्स यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत तपासून पक्की केली. आज तिला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात. सोप्या मराठीत, भीतीसमोर उभं राहायचं आणि उतारा करायचा नाही.

इग्नेशियसने १५२२ मध्ये कबुली थांबवली, ते याहून वेगळं काय होतं?

१९७८ मध्ये रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डिसिल्वा यांनी साध्यासुध्या, आजारी नसलेल्या लोकांना विचारलं, तुमच्या मनात असे नकोसे विचार येतात का? शंभरातले जवळजवळ ऐंशी हो म्हणाले. मुलाला इजा करण्याचे, गाडीसमोर ढकलण्याचे, देवळात शिवी देण्याचे. आणि कागदावर लिहिलेले विचार बघून कुठला रुग्णाचा नि कुठला निरोग्याचा हे तज्ज्ञांनाही नीट ओळखता येईना. म्हणजे विचार हा आजार नव्हेच. आपली म्हण तरी दुसरं काय सांगते, मन चिंती ते वैरी न चिंती. फरक पुढे पडतो. एकजण "काय मेलं मनात येतं!" म्हणून भाजी चिरत राहतो, दुसरी विळी माळ्यावर टाकते. १९८५ मध्ये पॉल साल्कोव्हस्किसने हीच गोष्ट मांडली. विचारापेक्षा त्या विचाराची जबाबदारी अंगावर घेणं माणसाला अडकवतं.

याच डिसिल्वांनी आणखी एक काम केलं. मज्झिम निकायातल्या वितक्कसंठान सुत्तात बुद्धाने नकोशा विचारांसाठी पाच उपाय सांगितले आहेत. सुतार बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून काढतो तसा दुसरा विचार आणणे, त्यातले तोटे बघणे, दुर्लक्ष करणे, तो कुठून उठतो हे शांतपणे पाहणे, आणि शेवटी दात आवळून दाबणे. डिसिल्वांनी दाखवलं की यांतल्या बऱ्याच गोष्टी आधुनिक वर्तनोपचाराशी जुळतात. मला वाटतं, बळजबरीचा उपाय अगदी शेवटी ठेवलाय यातही शहाणपण आहे. (थोडं विषयांतर: मराठी वाचकाला बुद्धाची ओळख करून देणारे धर्मानंद कोसंबी हे गोव्याचे. १९१० साली ते हार्वर्डला विसुद्धिमग्गाच्या कामासाठी गेले. आपल्यासारख्या परदेशस्थांचे पूर्वजच म्हणायचे!)

बळजबरी का चालत नाही, हे टेक्सासमधल्या डॅनियल वेग्नरने १९८७ मध्ये दाखवलं. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर विचार करायची मुभा दिल्यावर, आधी दाबणाऱ्यांच्या डोक्यात अस्वल जास्त नाचलं. बिशप मूर म्हणाला होताच.

* * *

भाच्याची छातीची धडधड राहिली. त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या डॉ. क्लेअर वीक्स. सिडनी विद्यापीठाची विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री, आधी प्राणिशास्त्रज्ञ, मग डॉक्टर. तरुणपणी तिला चुकून क्षय सांगितला गेला आणि नंतर छातीची धडधड जाईना. पहिल्या महायुद्धात लढलेल्या एका मित्राने तिला सांगितलं की ही नुसती भीती आहे, आम्हाला खंदकात असंच व्हायचं. तिला वाटलं, एवढंच? १९६२ मध्ये तिचं पुस्तक आलं. त्यातल्या चार पायऱ्या अशा: सामोरं जा, स्वीकारा, तरंगत राहा, वेळ जाऊ द्या. पहिली भीती आपोआप येते, दुसरी आपण त्या भीतीला घाबरून तयार करतो, असं ती म्हणे. १९८६ मध्ये डेव्हिड क्लार्कने याचं चक्र मांडलं. छाती धडधडली, "हार्ट अ‍ॅटॅक!" असा अर्थ लावला, त्याने आणखी धडधडली. चक्र मोडायचं ते अर्थापाशी.

औषधांचंही सांगायला हवं. क्लोमिप्रामीन युरोपात १९६०च्या दशकापासून वापरात होतं, अमेरिकेत ओसीडीसाठी १९८९ मध्ये मंजूर झालं. नंतर फ्लुओक्सेटीनसारखी औषधं आली. घेण्यात काही कमीपणा नाही. मी दीड वर्ष घेतली.

* * *

मी डॉक्टरकडे गेले ते फार घाबरत. वाटलं होतं, हे सांगितलं की मुलगी काढून घेतील. परदेशात राहणाऱ्या आपल्या बायकांना ही भीती किती असते हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "हे मी या महिन्यात तिसऱ्यांदा ऐकतेय." त्या वाक्याने निम्मा आजार गेला.

उरलेला निम्मा जायला आठ महिने लागले. थेरपिस्ट बाईंनी विळी खाली काढायला लावली. आधी नुसती समोर ठेवायची. मग भाजी चिरायची, बाळ दुसऱ्या खोलीत. मग बाळ पाळण्यात, त्याच खोलीत. विचार आला की "आलास? बस." म्हणायचं आणि चिरत राहायचं. आणि रामरक्षा? एकदाच म्हणायची. चुकली तर चुकली, परत नाही. ते मला विळीपेक्षा अवघड गेलं. आईला समजावलं तेव्हा ती जरा थांबली आणि म्हणाली, "अगं, रामाला काय उच्चार मोजायचेत? बाळ बोबडं बोललं तरी आई धावतेच ना!" कुठल्याही पुस्तकात मला याहून चांगलं सापडलं नाही. मग हळूच म्हणाली, "आमच्या मावशीला कुणी असं नेलं असतं तर..."

एक गोष्ट नीट वेगळी ठेवा. नकोसा विचार येऊन माणूस घाबरतो ते वेगळं. पण तो विचार योग्य वाटायला लागला, आवाज ऐकू यायला लागले, बाळंतिणीची झोप उडून ती भलतंच बोलायला लागली, किंवा खरोखर जीव द्यावासा वाटला, तर ही वेगळी आणि तातडीची गोष्ट आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता सोयी पुष्कळ आहेत. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या टॉकिंग थेरपीजकडे आपणहून नाव नोंदवता येतं. भारतात २०२२ पासून टेलीमानसचा १४४१६ हा फोन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच आहे. अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडक्यांनी मराठीत आणली, ती पुस्तकंही मिळतात. शंभरातल्या दोन-तीन जणांना आयुष्यात कधीतरी ओसीडी होतो. म्हणजे आपल्या मंडळाच्या गणपतीला तीनशे माणसं जमली तर त्यांत सहा ते नऊ. आरतीला टाळ वाजवत तुमच्या शेजारीच उभे असतील.

भाच्याने तिथे एक थेरपिस्ट शोधली आहे. परवा त्याचा फोटो आला. सोफा जागेवर, बाल्कनीचं दार उघडं, कठड्याशी चहाचा कप. खाली लिहिलं होतं, "विचार आला होता. चहा प्यायला बसवला."

मुलगी आता युनिव्हर्सिटीत आहे. गेल्या सुट्टीत आली तेव्हा तीच विळी घेऊन कांदा चिरायला शिकत होती. मी शेजारी उभी होते. विचार आला का? आला. गेलाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक लंडनकरीण